मुंबईला बाबेल म्हणावे का?

प्रश्न : आमच्या मंडळीत नुकत्याच झालेल्या उज्जीवन सभांमध्ये बाहेरगावहून आलेल्या एका वक्त्यांनी पवित्र शास्त्रातील नगरांचा एक छापील तक्ता वाटला. बाबेल म्हणजे जग, सदोम म्हणजे व्यभिचार, निनवे म्हणजे क्रूरता, यरीहो म्हणजे वाटेतले अडथळे, यरुशलेम म्हणजे मंडळी, असे एकेका नगराचे अर्थ त्यात दिले आहेत. पवित्र शास्त्रातील शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातील सात मंडळ्या म्हणजे इतिहासाचे सात कालखंड, असेही त्यात म्हटले आहे. शेवटच्या दिवशी त्यांनी सांगितले की मुंबई ही आजची बाबेल आहे आणि ‘तिच्यातून बाहेर निघा’ ही आज्ञा आपल्या तरुणांसाठी आहे. माझी मुलगी मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका आहे. ती त्या सभेत माझ्या शेजारी बसली होती. परत जाताना तिने एवढेच विचारले, “आई, मी पापाच्या नगरात राहते का?” मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, पण मला उत्तर देता आले नाही. हे अर्थ खरे आहेत का? हा तक्ता मुलांना शिकवावा का? आणि मुलीला काय सांगू?
— एक आई, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

सर्वांत आधी तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाकीची चर्चा थांबू शकते, मुलगी थांबू शकत नाही. मुंबईत राहून रुग्णांची सेवा करणारी तुमची मुलगी केवळ तिथे राहते म्हणून देवापासून तसूभरही दूर गेलेली नाही. पवित्र शास्त्रात बाबेलविषयी जे लिहिले आहे ते नीट वाचले, तर त्यातूनच तिला धीर मिळेल. त्या वक्त्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. मात्र त्यांनी दिलेला तक्ता शास्त्रातील नगरांना शास्त्रापेक्षा फारच लहान करून टाकतो आणि त्या लहानपणातूनच तुमच्या मुलीला झालेली जखम आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नगरांना आध्यात्मिक अर्थ असतो हे म्हणणे चुकीचे नाही. प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायातील आठव्या वचनात एका मोठ्या नगरीचा उल्लेख येतो आणि तिला आध्यात्मिक अर्थाने सदोम व मिसर म्हणतात, असे ते पुस्तक लिहिणारा योहान स्वतःच सांगतो. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात अब्राहामाची दासी हागार हिची दास्यात असलेली यरुशलेम आणि वरची स्वतंत्र यरुशलेम असा भेद उघडपणे केला आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी योहान कॅसियन या मठवासी लेखकाने तर यरुशलेम या एकाच नावाचे चार अर्थ क्रमाने मांडले : इतिहासाच्या दृष्टीने यहुद्यांचे नगर, रूपकाच्या दृष्टीने ख्रिस्ताची मंडळी, आशेच्या दृष्टीने स्वर्गीय नगरी आणि आचरणाच्या दृष्टीने माणसाचा आत्मा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅसियनने आरंभ इतिहासापासून केला, विटा-दगडांच्या खऱ्या नगरापासून केला. तुमच्या हाती आलेल्या तक्त्यात नेमकी ही पहिली पायरीच गळली आहे.

सदोमचे उदाहरण घ्या. तक्त्यात त्यापुढे व्यभिचार हा एकच शब्द आहे. उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायात लोटाच्या दारापुढे जमलेल्या जमावाने परक्या पाहुण्यांवर जी जबरदस्ती करू पाहिली, ती भयंकर होती यात शंका नाही. परंतु सदोमचे पाप काय होते हे यहेज्केल संदेष्टा सोळाव्या अध्यायाच्या एकोणपन्नासाव्या वचनात सांगू लागतो, तेव्हा तो आरंभ गर्वापासून करतो; पोटभर अन्न होते, निवांत सुस्थिती होती आणि तरीही त्या नगरीने दीनदुबळ्यांना हात दिला नाही, असे तो म्हणतो. अमंगळ कृत्यांचा उल्लेख त्याच्या पुढच्या वचनात येतो. हे सारे तो कोणाला सांगतो आहे? यरुशलेमेला. सदोम तुझी बहीण आहे, असे तो तिला तोंडावर म्हणतो. यशयाने पहिल्याच अध्यायात यरुशलेमेच्या अधिपतींना सदोमचे अधिपती म्हणून हाक मारली, तीही ते यज्ञ करत होते, सण पाळत होते, हात पसरून प्रार्थना करत होते तेव्हा. प्रभू येशूने हे नाव घेतले ते कफर्णहूमला उद्देशून, म्हणजे ज्या गावात त्याने स्वतः मुक्काम केला आणि सर्वांत जास्त चमत्कार केले त्या गावाला उद्देशून. आणि योहान ज्या नगरीला सदोम म्हणतो, ती आपल्या प्रभूला जिथे वधस्तंभावर खिळले ती नगरी आहे.

शास्त्रात सदोम हे नाव वारंवार देवाचे म्हणवणाऱ्या लोकांनाच दिले गेले आहे. दूरच्या, परक्या, बदनाम वस्तीकडे बोट दाखवून स्वतः निश्चिंत व्हावे, यासाठी संदेष्ट्यांनी ते वापरलेले नाही. ज्या मंडळीत धान्याची कोठारे भरलेली आहेत आणि दाराशी आलेल्या ऊसतोड मजुराच्या लेकराला कोणी विचारत नाही, तिने यहेज्केलाचे ते वचन आपल्यासाठी वाचावे. तुमच्या मुलांना सदोम शिकवायचे असेल तर मी तिथून सुरुवात करीन.

निनवेच्या बाबतीत तर एकच अर्थ ठरवणे अशक्यच आहे. आजच्या इराकमधील मोसुल शहरालगत टायग्रिस नदीच्या काठी तिचे अवशेष आहेत. तिथे सन्हेरीब राजाच्या महालातील एका दालनाच्या भिंतींवर यहूदातील लाखीश नगराच्या वेढ्याची शिल्पे कोरलेली होती. ती आता लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. इ. स. पू. 701 मधील तो वेढा. तटाला टेकवलेल्या उतारावरून वर चढणारी धडक-यंत्रे, सुळावर चढवलेले कैदी आणि त्यांच्या शेजारून बैलगाडीवर गाठोडी लादून, बायकामुलांसह गाव सोडून निघालेली कुटुंबे, हे सारे एका राजाने आपल्या महालात शोभेसाठी कोरून घेतले होते. योनाच्या पुस्तकातील निनवे हे नाव इस्राएली माणसाच्या कानावर पडले, की त्याच्या डोळ्यांपुढे ही दहशत उभी राहत असे. देवाने निनवेला जायला सांगितलेला योना उलट दिशेला तार्शीशला का पळाला, हे त्यावरून समजते. आणि देव मात्र त्या नगरीविषयी बोलताना, उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही ज्यांना कळत नाही अशा 1,20,000 हून अधिक माणसांची आणि पुष्कळशा गुराढोरांची काळजी व्यक्त करतो. ते पुस्तक याच प्रश्नावर संपते आणि योनाचे उत्तर आपल्याला कधीच कळत नाही. नहूमाच्या पुस्तकात हीच निनवे रक्तपाती नगरी म्हणून न्यायाखाली येते; इ. स. पू. 612 मध्ये ती पडलीही. पुढे प्रभू येशू म्हणतो की न्यायाच्या दिवशी निनवेचे लोक उठून या पिढीला दोषी ठरवतील, कारण त्यांनी पश्चात्ताप केला होता. मग निनवे म्हणजे क्रूरता, की पश्चात्ताप, की देवाची करुणा? तिन्ही आहेत, आणि त्यांतला एक ठेवून दोन खोडले तर योनाच्या पुस्तकाचा प्राणच जातो.

आता बाबेलकडे येतो. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात शिनारच्या मैदानात विटा भाजून, डांबराने सांधून, स्वतःचे नाव करण्यासाठी माणसे बुरूज बांधू लागतात, तिथे ती प्रथम ठसठशीतपणे दिसते. इतिहासातील बाबेल फरात नदीवर, आजच्या बगदादच्या दक्षिणेस हिल्ला शहराजवळ होती. रॉबर्ट कोल्डेवाय यांनी 1899 ते 1917 या काळात तिचे उत्खनन केले. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या नावाचे शिक्के मारलेल्या विटा तिथे विपुल सापडल्या. स्वतःचे नाव करण्याची ती जुनी हौस तिथे विटेविटेवर उमटलेली आहे. याच राजाने इ. स. पू. 597 मध्ये यरुशलेमेतील राजाला, कारागिरांना आणि प्रतिष्ठितांना कैद करून नेले आणि 586 मध्ये मंदिर जाळले. इस्राएलाच्या दृष्टीने याहून कडू नाव दुसरे नव्हते.

अशा बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून एक पत्र पाठवले. ते त्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. त्यात देव त्यांना सांगतो की घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, लग्ने करा, मुलांची लग्ने लावा. आणि ज्या नगरात मी तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे. भगिनी, हे खुद्द बाबेलविषयी लिहिले आहे, रूपकातल्या नव्हे तर विटांच्या बाबेलविषयी. आपल्या अनेक घरांत ‘तुमच्या हिताचे संकल्प’ हे वचन भिंतीवर लावलेले असते. ते याच पत्रातील अकरावे वचन आहे आणि त्याचे पहिले वाचक बाबेलमध्ये राहत होते. दानीएल तर त्याच नगराच्या राजदरबारात आयुष्यभर चाकरी करत राहिला. यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे आणि राज्याचे कामही चोख करत असे.

मग प्रकटीकरणातील मोठी बाबेल कोण? योहान लिहीत होता तोवर खरी बाबेल जवळपास ओस पडली होती. इ. स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमेचे मंदिर पुन्हा जाळले, तेव्हा त्या काळच्या यहुदी लेखनातही रोमला बाबेल म्हणू लागले, कारण तेच दुःख तशाच सत्तेने पुन्हा दिले होते. सतराव्या अध्यायातील सात डोंगरांवर बसलेली स्त्री म्हणजे सात टेकड्यांवर वसलेले रोम, हे आशिया या रोमी प्रांतातील (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) कोणाही श्रोत्याला सांगावे लागले नसते. अठराव्या अध्यायात तिच्यासाठी व्यापारी रडतात आणि त्यांच्या मालाची यादी दिलेली आहे. ती यादी मोठ्याने, थांबत थांबत वाचून पाहा. सोने, रुपे, रत्ने, मोती यांनी ती सुरू होते. मग तलम वस्त्रे, जांभळे, रेशमी आणि किरमिजी कापड, सुगंधी लाकूड, हस्तिदंत, पितळ, लोखंड, संगमरवर. मग दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू. मग गुरे, मेंढरे, घोडे, रथ. आणि 28 जिनसांच्या या यादीत सर्वांत शेवटी, घोडे आणि रथांच्याही खाली, गुलाम, म्हणजे माणसांचे जीव येतात. (यातले हस्तिदंत भडोचसारख्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतूनही रोमी जगात जात असे, कल्याण आणि सोपारा ही नावेही पहिल्या शतकातील ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक होती.) बाबेलवरील आरोप इथे शब्दशः मांडला आहे : तिच्या बाजारात माणूस हा मालाचा शेवटचा प्रकार झाला होता.

हा आरोप मुंबईतील काही व्यवहारांना लागू पडेल, हे मी मान्य करतो. तो वीटभट्टीवर आगाऊ उचल देऊन कुटुंबे बांधून घेणाऱ्यालाही लागू पडेल आणि तुमच्या-माझ्या तालुक्यातही लागू पडेल. परंतु योहानाने रोमला बाबेल म्हटले, म्हणून रोममध्ये राहणारे विश्वासू बाबेलचे झाले नाहीत. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या शेवटी बाबेलमधील मंडळी सलाम सांगते, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते रोममधील मंडळी. तिथे मंडळी होती, ती तिथेच राहत होती आणि तिथूनच इतरांना धीर देत होती.

‘तिच्यातून बाहेर निघा’ ही हाक प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायातील चौथ्या वचनात आहे. ती यिर्मयाच्याच शब्दांवर आधारलेली आहे, त्याच संदेष्ट्याच्या, ज्याने आधी बाबेलमध्ये घरे बांधायला सांगितले होते. ती हाक ज्यांनी प्रथम ऐकली ते इफिस, पर्गम, सार्दीस अशा गजबजलेल्या नगरांत राहत होते. पर्गमच्या मंडळीला प्रभू म्हणतो की तू कोठे राहतोस हे मला ठाऊक आहे, तिथे सैतानाचे आसन आहे. त्यानंतर तो तिला नगर सोडायला सांगत नाही. तिथे राहूनही तू माझे नाव दृढ धरलेस, म्हणून तिची प्रशंसा करतो. ज्या पुस्तकात सैतानाच्या आसनाजवळ राहणाऱ्यांना स्थलांतराची आज्ञा नाही, त्या पुस्तकाच्या आधारे एका परिचारिकेला नोकरी सोडायला सांगणे मला अयोग्य वाटते. बाहेर निघायचे आहे ते त्या नगरीच्या पापात भागीदार होण्यापासून, असे ते वचन स्वतःच पुढे सांगते.

आपल्याकडे या बाबतीत आणखी एक गोष्ट आठवायला हवी. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 मध्ये मुंबईत सुरू झाले आणि 1831 मध्ये ते नगरला आले. तुमच्या जिल्ह्यातील कितीतरी मंडळ्यांचा वारसा त्या मुंबईपर्यंत मागे जातो.

सात मंडळ्या म्हणजे सात कालखंड, या मताविषयी थोडक्यात लिहितो. मूळ मजकुरात त्याला आधार नाही. ती सात नगरे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील असून इफिसपासून उत्तरेला पर्गमपर्यंत आणि तिथून आग्नेयेला लावदिकीयापर्यंत, पत्र घेऊन निघालेल्या माणसाला ज्या क्रमाने लागतील त्याच क्रमाने ती दिली आहेत. त्यातही लावदिकीयेचे पत्र नगराच्या मातीतून किती उगवले आहे ते पाहण्यासारखे आहे. जवळच्या हेरापलीत औषधी गरम झरे होते, कलस्सैला थंड, ताजे पाणी होते. लावदिकीयेला पाणी दगडी नळांतून दुरून आणावे लागे. ते नळ आजही अवशेषांत दिसतात आणि त्यांच्या आतून चुन्याचा जाड थर साचलेला आहे. कोमट, क्षारयुक्त, तोंडात धरवेना असे पाणी पिणाऱ्या लोकांना प्रभू म्हणाला, तू उष्ण नाहीस, शीतही नाहीस. उष्ण पाणी बरे करते, शीत पाणी तहान भागवते. तू कोणाच्याच उपयोगाचा नाहीस, असा त्याचा अर्थ मला अधिक पटतो. इ. स. 60 च्या भूकंपानंतर या श्रीमंत नगराने रोमची मदत न घेता स्वतःला पुन्हा उभारले होते, असे टॅसिटस हा रोमी इतिहासकार लिहितो. मला कशाचीही गरज नाही, हे त्या पत्रातील वाक्य त्या अभिमानावर नेमके बोट ठेवते. हे सारे सोडून लावदिकीया म्हणजे शेवटचा कालखंड एवढेच मुलांना सांगितले, तर ते पत्र त्यांच्याशी बोलायचे थांबते.

यरीहोविषयी एवढेच सांगतो की तिचा तट पडला ही तिची एकच कथा नाही. जक्कयाच्या घरी प्रभू तिथेच उतरला आणि आंधळ्या बार्तीमयाला तिथेच दृष्टी मिळाली. ऑगस्टिनसारख्या थोर गुरूनेही, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात यरीहो म्हणजे मर्त्यपण आणि उतारशाळा म्हणजे मंडळी असा अर्थ लावला होता. तो सुंदर आहे, परंतु तूही जाऊन तसेच कर, ही प्रभूची साधी आज्ञा त्यात मागे पडते, याची मला काळजी वाटते.

आणि यरुशलेम. ती शास्त्रातील सर्वांत प्रिय नगरी आहे आणि संदेष्ट्यांची सर्वांत कठोर बोलणीही तिनेच ऐकली. शेवटी योहानाला दिसलेली नवी यरुशलेम लांबी, रुंदी आणि उंचीने सारखी आहे. शलमोनाच्या मंदिरातील परमपवित्रस्थानही वीस हात लांब, वीस हात रुंद आणि वीस हात उंच असे होते. त्यात प्रमुख याजक वर्षातून एकदाच जाऊ शकत असे. आता सबंध नगरच तसे झाले आहे, म्हणून तिच्यात वेगळे मंदिर नाही. तिच्या बारा वेशी कधीच बंद होत नाहीत, राष्ट्रांचे वैभव त्यांतून आत येते आणि झाडाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी असतात. शास्त्राचा आरंभ बागेत होतो आणि शेवट नगरात. देवाला नगरे नकोशी असती तर त्याने आपल्या लोकांसाठी शेवटी नगर तयार केले नसते. रुग्णसेवा करणाऱ्या मुलीला त्या पानांविषयीचे वचन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मुलांना तक्ता शिकवू नये असे मी म्हणणार नाही. तो भिंतीवर असू द्या, पण एकेका नगरासाठी दोन-तीन रविवार द्या. आधी नकाशावर ते नगर शोधा आणि तिथे काय घडले ते सांगा. मग त्याच नगराविषयीचा दुसरा शास्त्रभाग वाचा, जो पहिल्याशी सहज जुळत नाही : नहूमासोबत योना, प्रकटीकरणासोबत यिर्मया. संदेष्टा हे कोणाला ऐकवत होता, हा प्रश्न मुलांनाच विचारा. तक्त्यातील एका शब्दाच्या शेजारी त्यांना स्वतःच्या अक्षरात आणखी शब्द लिहू द्या. तुमच्या पाळकसाहेबांशीही या विषयावर बोला, आणि शक्यतो सभेबाहेर, निवांतपणे. व्यासपीठावरून बोललेल्या वाक्याने कोणी दुखावले असेल, तर त्याची दखल त्यांनी घेणे योग्य ठरेल.

मुलीला पत्र लिहा किंवा फोन करा. आठवड्यात तिची एक सुट्टी असेल त्या दिवशी यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील चार ते सात ही वचने तिने तिकडे आणि तुम्ही इकडे वाचा, आणि ती जिथे काम करते त्या वॉर्डातील रुग्णांची नावे तिच्याकडून विचारून घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करा. तिच्या प्रश्नाला तुम्ही तेव्हा उत्तर देऊ शकला नाहीत, हेही तिला मोकळेपणाने सांगा. आईने आपल्यासाठी उत्तर शोधले हे तिला कळू द्या.

तुमचा बंधू,
सदरलेखक